संगमावरचा शेजारी

पुण्यात मुळा आणि मुठा मिळतात तिथे संगम पूल आहे. शेजारून रेल्वेचा पूल जातो. गाडी धडधडत गेली की दुचाकीवाले क्षणभर माना वर करतात आणि पुन्हा हॉर्न वाजवायला लागतात. या पुलावर अडकलो की मी काठावरच्या झाडीकडे बघत राहतो. तिथे माझ्या ओळखीचं एक घर होतं. ते जळून गेल्याला आता दोनशेहून जास्त वर्षं झाली, तेव्हा ओळख पत्रांतलीच. जदुनाथ सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांनी १९३६ पासून पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे जाडजूड खंड काढले. एका घरातून गेलेली इतकी पत्रं वाचली की त्या घराच्या खोडी कळायला लागतात. कधी घाबरलंय, कधी फुशारकी मारतंय, कधी ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतंय, हे खालची सही न वाचताही ओळखू येतं.

कागदोपत्री ही पुण्याची रेसिडेन्सी. पेशव्यांच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचा कायमचा वकील तिथे राहायचा. त्याला कंपनीच्या भाषेत रेसिडेंट म्हणत, म्हणजे राहणारा. पदाचं नावच काय ते सांगून टाकतं. पण ‘राहणं’ हेही काम असू शकतं, हे आपल्याकडे कुणाला चटकन उमगलं नसावं.

आपल्याकडे वकील येई आणि जाई. काम निघालं की यायचं, नजराणा द्यायचा, बोलणी करायची, निरोपाचे विडे घ्यायचे आणि चालू लागायचं. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्झिंडन हा असाच पाहुणा. आपलेही वकील परदरबारी वर्षानुवर्षं असत. दिल्लीत हिंगणे होते, हैदराबादेत गोविंदराव काळे होते. पण ती घराणी होती, माणसं होती. माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याच्या ओळखी, त्याचे राग, त्याचं शहाणपण जायचं. संगमावरच्या घराची गोष्ट वेगळी. त्यात चार साहेब नांदून गेले, घर मात्र तेच राहिलं. आणि त्या घराला विसरण्याची सवयच नव्हती.

खरं तर टोपीकराला जागा देताना काय जपावं हे आपल्याकडे लिहून ठेवलेलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ १७१५च्या सुमाराचं. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, एकदा मिळालेली जागा सोडत नाहीत, म्हणून त्यांना सहसा जागाच देऊ नये, असं पंतांनी बजावलं आहे. द्यायचीच झाली तर समुद्रकाठ, खाडीकाठ देऊ नये. आत, सखल जागा पाहून, गावाच्या शेजारात द्यावी. इमारतीचं घर बांधू देऊ नये. आता गंमत बघा. संगमाची जागा समुद्रापासून घाटाच्या वर, आत. नदीकाठची, म्हणजे सखल. गावाच्या शेजारात. घरं गवताने शाकारलेली. आज्ञापत्रातली जवळजवळ प्रत्येक अट या घराने पाळली होती. पंतांच्या मनात तोफा आणि तट होते. कागदांनी तट पडतो हे १७१५ मध्ये कुणाच्या डोक्यात यावं?

घर येण्याआधी त्याची एक रंगीत तालीम झाली होती. टॉमस मोस्टिन १७७२ मध्ये मुंबईहून पुण्याला येऊन राहिला. तो इथे असतानाच थोरले माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, रघुनाथरावांचं पारडं वर-खाली झालं. आणि १७७४च्या अखेरीस मुंबईकरांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुण्याने एवढं पाहिल्यावर पुन्हा कायमचा इंग्रज ठेवायला नको होता. पण आपल्याच घरात दोन चुली होत्या. १७८२च्या सालबाईच्या तहात महादजी शिंदे हमीदार झाले, तेव्हापासून कंपनीचं पुण्याशी बोलणं त्यांच्यामार्फत. महादजींना हा मान सोडायचा नव्हता आणि नाना फडणीसांना ही मध्यस्थी खुपत होती. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या तिसऱ्याला फार आर्जवं करावी लागत नाहीत. चार्ल्स मॅलेट हा खंबायतेला मुरलेला, फार्सी जाणणारा माणूस आधी उत्तरेत जाऊन महादजींना भेटून आला आणि १७८६च्या मार्चमध्ये पुण्यात दाखल झाला. मराठी कागदांत तो ‘मालिट’ होऊन वावरतो.

सुरुवातीला गावात, मग संगमावर. गावापासून दूर असल्याने गावातल्या भानगडींपासून त्याला लांब ठेवलं, असं वाड्यातल्या कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. पण बंगल्याला मोकळीच जागा हवी होती. मुंबईचे कासीद घाट चढून आले की गावात न शिरता थेट बंगल्यावर पोचत. रात्री कोण आलं, किती घोडे बदलले, हे कुठल्या पेठेतल्या खिडकीतून दिसायचं नाही.

मॅलेटच्या हाताखाली घर बाळसं धरू लागलं. सुटे सुटे बंगले, तबेला, कचेरी, शिपायांची वस्ती आणि या सगळ्याभोवती बाग. बाग करणारा माणूस चार दिवसांत निघून जायला आलेला नसतो, एवढंही कुणी बोलून दाखवलेलं दिसत नाही. आंब्याला फळ धरायला किती वर्षं लागतात हे कोकणातून वर आलेल्या दरबाराला सांगायला नको होतं.

या काळात घराला नाद होते, आणि खरं सांगायचं तर त्या नादांमुळेच माझा त्याच्यावर जीव आहे. गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा कारागीर मॅलेटसाठी चित्रं काढत असे. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० च्या नोव्हेंबरात कागदावर उतरवला. त्याला वेरूळलाही धाडलं. लेण्यांची मापं, खांब, मूर्ती त्याने काढून आणल्या आणि मॅलेटने वेरुळावर जो लेख छापला त्याला त्याच्या मेहनतीचा आधार होता. पुढे स्कॉटलंडचा जेम्स वेल्स आला. सवाई माधवराव, नाना, महादजी यांचे चेहरे आज आपल्या डोळ्यांसमोर येतात ते बऱ्याच अंशी त्याच्या कुंचल्यामुळे. वेल्स १७९५ मध्ये साष्टीत तापाने गेला. त्याच्या मुलीशी मॅलेटने पुढे विलायतेत लग्न केलं. टिपूविरुद्धच्या १७९०च्या तहाच्या दरबाराच्या चित्राची तयारी वेल्सने करून ठेवली होती; त्यावरून टॉमस डॅनियलने नंतर मोठं तैलचित्र केलं. त्यात सोळा वर्षांचे पेशवे बसले आहेत आणि शेजारी, आपल्यासारखीच जमिनीवर बैठक घालून, मॅलेट. मी त्या चित्राची छापील प्रत जवळ धरून पाहिली आहे. अंगरख्यांच्या आणि पगड्यांच्या गर्दीत इंग्रज ओळखू येतात ते त्यांच्या पायांवरून. मांडी घालायची सवय नसलेल्या माणसाचे गुडघे कुठे ठेवावेत याची जी पंचाईत होते, ती चितारीही लपवू शकलेला नाही. चार वर्षं झाली होती येऊन. गुडघे अजून शिकत होते.

आणखी एक गोष्ट या घराने पाहिली. कंपनीच्या फौजेतला कावसजी नावाचा एक बैलवाला टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं. पुण्यात एका कुंभाराने ते नवं करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या बुंध्यावर बसवून आकार घ्यायचा, तो उलगडून कपाळावर ठेवायचा, कडेने आखायचं आणि तेवढी कातडी उकलून, भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवून, खाली वळवून बसवायची. क्रूसो आणि फिंडले हे इंग्रज डॉक्टर हे बघत होते, वेल्सने रोग्याचं चित्र काढलं. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हकीकत छापून आली, आणि वीस वर्षांनी जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने लंडनमध्ये तीच रीत वापरून पाहिली. त्या कुंभाराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. बंगल्याची स्मरणशक्ती दांडगी होती हे मी म्हणालो खरं, पण ती काय लक्षात ठेवायची हे तिचं तीच ठरवायची.

दिवसाचं मुख्य काम होतं ऐकणं. हरकारे, मुनशी, शागिर्द, दरबारातले हितचिंतक, दुखावलेले कारकून. वाड्यात कुणाला ताप आला, कुठल्या सरदाराची फौज किती थकली, निजामाचा वकील रात्री कुणाकडे गेला होता, सगळं संगमावर येई, तिथे गाळलं जाई आणि त्याची पत्रं होऊन मुंबईला, कलकत्त्याला जात. प्रत ठेवलेली असायची. नवा साहेब आला की आधी दप्तर वाचायचा. म्हणजे पहिल्या दिवशीच त्याला पुण्यात दहा वर्षं काढल्यासारखं असे.

पुण्याला हे जमत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. नानांची बातमीदारी अशी होती की मॅलेटच्या बागेतलं पान हललेलं त्यांना कळे. कलकत्त्याला लाला सेवकराम नावाचा वकील होता. रघुनाथरावांनी तर १७८१ मध्ये हणमंतराव या ब्राह्मणाला आणि मणियार पारशाला थेट लंडनला धाडलं होतं. तिथे एडमंड बर्कने त्यांची बडदास्त ठेवली. परत आल्यावर हणमंतरावांच्या वाट्याला समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त आलं. ज्या माणसाने इंग्रजांचं घर आतून पाहिलं त्याला ‘काय पाहिलंस?’ असं विचारण्याऐवजी शुद्ध करून घेण्यात आमचा वेळ गेला. आणि नानांचं दप्तर? ते नानांचं होतं. त्यातला मोठा भाग मेणवलीच्या त्यांच्या वाड्यात राहिला. पुढे पेशवे झालेल्या दुसऱ्या बाजीरावाशी त्यांचं जन्माचं वाकडं, तेव्हा ते वाचायला वारस कोण?

१८०० च्या मार्चमध्ये नाना गेले तेव्हा संगमावर विल्यम पामर होता. आपल्या कानाला हे नाव उगीच बिचारं वाटतं, आणि माणूसही तसा मऊच. फैज बख्श ही त्याची मुसलमान बायको, तिच्यासह तो राहायचा. त्याच्या काळात बंगल्याला शेजारधर्म होता असं म्हणायला हरकत नाही. नानांबरोबर मराठी राज्यातलं शहाणपण आणि तोल गेला, अशा अर्थाचं त्याने लिहून कळवलं. आमच्या कारभाऱ्याचा मृत्युलेख आमच्या भाडेकरूने लिहिला, आणि तो खरा निघाला! कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल वेलस्लीला असा मऊ माणूस चालणारा नव्हता. १८०१ मध्ये कर्नल बॅरी क्लोज आला.

क्लोजबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही. हिशेबी माणूस. पण घराचा खरा स्वभाव त्याच्या वेळी एका दुपारी उघडा पडला. २५ ऑक्टोबर १८०२. हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, बाजीराव पळाले, शहर उघडं पडलं. संगमावर इंग्रजी निशाण फडकत होतं. होळकरांनी त्याला हात लावला नाही. उलट क्लोजला भेटीला बोलावलं, मध्यस्थी करा म्हणाले. पेशवा पळालेला, सरदार भांडलेले, प्रजा घाबरलेली, आणि सगळ्या पुण्यात शाबूत एकच घर. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. पाऊल न उचलता बंगला त्या दिवशी गावाच्या मधोमध येऊन बसला. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, वसईचा तह झाला. पेशव्यांनी कंपनीची सहा हजार फौज ठेवून घ्यायची, तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परदरबारी काही बोलणं करायचं तर कंपनीला विचारून. भाडेकरूने आता मालकाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मालकाच्याच खर्चाने आपल्या कमरेला लावली.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन क्लोजच्या हाताखाली उमेदवारी करून गेला होता. १८११ मध्ये तो साहेब होऊन परतला तेव्हा मधे असईची लढाई, नागपूरची रेसिडेन्सी आणि काबूलच्या शहाकडची वकिलात करून आला होता, आणि वय अवघं एकतीस. पहाटे डुकराची शिकार, मग ग्रीक-लॅटिन ग्रंथ, मग दरबारी कागद. त्याने घरात पुस्तकांचा मोठा साठा केला. आपल्या इतिहासकारांना तो आवडतो, कारण तो वाचणारा होता आणि लिहिताना न्यायाने लिहायचा. मलाही आवडतो. मात्र बंगल्याचे कान त्याच्याच काळात सर्वांत तिखट झाले हे विसरून चालत नाही. बंगल्याला बातम्या पुरवणाऱ्या बाळाजीपंत नातूंचं नाव पुण्यात आजही कसं घेतलं जातं ते सांगायला नको. खुर्शेटजी मोदी हा रेसिडेन्सीचा पारशी कारभारी इतका मुरला होता की तो कुणाचा माणूस हे त्यालाही सांगता आलं नसतं. पेशव्यांनी त्याला कर्नाटकच्या सुभ्याची लालूच दाखवली, एल्फिन्स्टनने दोन दगडांवरचा एक पाय काढायला लावला, आणि १८१५ मध्ये त्याच्या पोटात विष गेलं. त्याने घेतलं की त्याला दिलं, दोन्ही बोललं गेलं.

त्याच साली जुलैत पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री गायकवाडांचे वकील, कंपनीच्या हमीवर पुण्याला आलेले. विठोबाचं दर्शन घेऊन परतताना मारेकऱ्यांनी गाठलं. एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळला लेणी बघत होता. बोट पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांकडे होतं आणि डेंगळ्यांमागे बाजीराव, हे कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यात बंद झाले. वर्षभराने तिथून निसटले. मराठी मोतद्दार खिडकीखाली घोडा चोळता चोळता गाण्यातून पळण्याचा बेत सांगत होता आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्याला ते नुसतं गाणं वाटलं, अशी आख्यायिका आहे. मराठी न येण्याचा तोटा त्या एका दिवशी तरी दुसऱ्या बाजूला झाला.

हिशेब पुरा झाला १३ जून १८१७च्या तहाने. त्यातलं एक कलम वाचताना मला नेहमी या घराचा चेहरा दिसतो. पेशव्यांनी यापुढे परदरबारी आपले वकील ठेवू नयेत आणि परक्यांचे वकील आपल्याकडे राहू देऊ नयेत. जे काही बोलणं असेल ते रेसिडेंटमार्फत. एकेकाळी या शहरात निजामाचा वकील असायचा, भोसल्यांचा असायचा, मोस्टिनच्या वेळी तर फ्रेंच सँ लुबँही येऊन गेला. आता बिऱ्हाडं उठली. एकच उरलं.

५ नोव्हेंबर १८१७च्या दुपारी विठोजी गायकवाड पेशव्यांचा निर्वाणीचा निरोप घेऊन संगमावर आले. उत्तर घेऊन ते परतले न परतले तोच एल्फिन्स्टन अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला आणि मुळेच्या पलीकडे, खडकीच्या बाजूला उभ्या असलेल्या आपल्या पलटणींना जाऊन मिळाला. मागे पेशव्यांच्या लोकांनी बंगल्याला आग लावली. गवताची छपरं, वेळ कितीसा लागणार? आंब्याची झाडं, घोड्यांचे तबेले, काबूलच्या वकिलातीपासून गोळा केलेले कागद, ग्रीक नाटकं, सगळं एका संध्याकाळी गेलं. तिकडे खडकीला सुमारे २,८०० माणसांनी बापू गोखल्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला थोपवलं. बाजीराव पर्वतीवरून बघत होते. ते बघत होते ती खिडकी अजून दाखवतात. पर्वतीवरून संगम सरळ दिसतो. धूर त्यांना आधी दिसला असेल.

मला राहून राहून वाटतं, पेशवाईतली ही एक आग मनापासून लावलेली होती. एकतीस वर्षांचा सगळा राग त्या गवतावर निघाला. फक्त तोवर घरातलं महत्त्वाचं सामान घरात नव्हतं. पत्रांच्या प्रती मुंबईला आणि कलकत्त्याला पोचलेल्या होत्या, म्हणून तर मला ती वाचायला मिळतात. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं. चढवायला नातू होते. एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला, पुढे मुंबईचा गव्हर्नर. जो वकील दरबाराकडे जायचा, आता दरबार नसल्याने सगळे त्याच्याकडे यायला लागले. पुन्हा संगमावर रेसिडेन्सी बांधायचं कारणच उरलं नाही. कुणाकडे वकील ठेवायचा?

१८१८च्या जूनमध्ये बाजीराव कंपनीच्या माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन कानपूरजवळ गंगेकाठी ब्रह्मावर्ताला जाऊन राहिले. स्नानं, दानं, लग्नं, मुंजी, भोजनं. आणि तिथेही थोड्या अंतरावर एक साहेब आणून बसवला होता. त्याला नाव कमिशनर. बाजीरावांकडे कोण येतं, कोण जातं, पत्रं कुणाला लिहिली जातात, यावर नजर ठेवायची आणि वर कळवायचं. राज्य गेलं, फौज गेली, शिक्का गेला; ऐकायला मात्र कुणीतरी होतंच. हे बिऱ्हाड संगमावरच्यापेक्षा जास्त दिवस टिकलं. १८५१च्या जानेवारीत बाजीराव वारले, तेव्हा ते पद मोडीत काढलं.